आधी झाड बघा, मग पक्षी

या महिन्याच्या टपालात पक्ष्यांबद्दलची पत्रं नेहमीपेक्षा जास्त आहेत. बहुतेक पत्रं सेमिनरी हिल्स, अंबाझरी आणि गोरेवाडा या तीन ठिकाणी फिरून आलेल्या वाचकांची आहेत. संक्रांत सरली, पळसाला काळपट कळ्या धरल्या, सागाची पानं गळू लागली. झाडं उघडी पडण्याचे हे दोन-अडीच महिने पक्षी बघायला शिकण्यासाठी नागपुरात सर्वांत सोयीचे असतात, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न: रोज सकाळी साडेसहा ते साडेसात सेमिनरी हिल्सवर फिरते. कावळे, साळुंक्या, सातभाई आणि कबुतरं सोडून काही दिसत नाही. त्याच वाटेवर भेटणाऱ्या एका काकांच्या वहीत मात्र एका सकाळची ३५ नावं होती. माझं काय चुकतंय? (एक वाचक, धरमपेठ)

व्यायामाचं चालणं आणि पक्षी बघायचं चालणं एकाच तासात उरकत नाही, एवढंच चुकतंय. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने गेलात की पुढच्या झुडपातला पक्षी तुम्ही पोचायच्या आत मागच्या बाजूने निघून जातो. त्यातून सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी वाजतात की तुमची वर्दी तुमच्या आधी पोचते. तासाभरात एक-दीड किलोमीटर पुरे, आणि त्यातलाही निम्मा वेळ उभं राहण्यात जाऊ द्या.

उभं कुठे राहायचं ते झाडाला विचारा. पक्षी रानभर सारखे विखुरलेले नसतात. ज्या झाडावर त्या आठवड्यात खायला आहे, तिथे ते गोळा होतात. सध्या काटेसावर फुलते आहे आणि पाठोपाठ पळस पेटेल. फुललेला एकच पळस निवडा, सूर्य पाठीशी घ्या आणि २० मिनिटं हलू नका. शिंजीर, चष्मेवाला, बुलबुल, साळुंकी, भांगपाडी मैना, कोतवाल, टकाचोर, पोपट हे सगळे एकाच झाडावर येऊन जातात. पळसमैनांचा थवा उतरला तर झाड अक्षरशः गजबजून जातं. पळसमैनेला भोरडीही म्हणतात. ती हिवाळी पाहुणी आहे आणि उन्हाळा तापला की उत्तरेकडे परत फिरते, त्यामुळे तिला बघण्याचे दिवस हेच.

पळस सरला की वड, पिंपळ, उंबर. पिकलेल्या उंबरावर तांबट, कुटुर्गा, कोकीळ, हळद्या, राखी धनेश आणि हरियल येतात. हरियल आपला राज्यपक्षी, पण त्याचा रंग पानांत इतका मिसळतो की तीस हरियल बसलेल्या वडाखालून माणूस खुशाल निघून जातो. त्याला शोधायची वेळ वेगळी आहे. थंडीत सूर्योदयानंतरच्या पहिल्या पाऊण तासात उंच, निष्पर्ण शेंड्यांवर नजर फिरवा. ऊन खायला ते उघड्यावर येऊन बसतात आणि तेव्हा त्यांचे पिवळे पायही दुर्बिणीतून स्वच्छ दिसतात.

पूर्ण वाळलेलं झाडही सोडू नका. त्याच्या खोडावर सुतारपक्षी ठोकत असतो, फांदीच्या खालच्या बाजूच्या गोल भोकात तांबटाचं घर असतं, ढोलीच्या तोंडाशी पिंगळ्यांची जोडी ऊन घेत बसलेली असते. उद्यानातलं वाळकं झाड तोडून टाका अशी मागणी फिरायला येणारे अधूनमधून करतात. वाटेवर पडायचा धोका नसेल तर ते उभंच राहू द्यावं. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना दुसरी जागा सहज मिळत नाही.

सूर्य पाठीशी घ्या, हे पुन्हा सांगतो. सकाळी पूर्वेकडे तोंड करून चाललात तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि निम्मी ओळख रंगातच असते. जाताना पश्चिमेकडे जा, येताना दुसरी वाट धरा.

आता तुमची वेळ. मेअखेरीस नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेआठनंतर पक्षी सावलीत गप्प बसतात, म्हणून उन्हाळ्यात लवकर निघावंच लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र साडेसहाला अजून गारठा असतो, किडे हललेले नसतात आणि किडे खाणारे पक्षीही सुस्त असतात. सध्या सव्वासात ते साडेनऊ ही वेळ साडेसहापेक्षा चांगली.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते. वाट पंधरा मिनिटं सुनी असते आणि मग एकदम तीन-चार झाडं जिवंत होतात. हा मिश्र थवा असतो: छोटे निखार, सुभग, शिंपी, चष्मेवाले, नाचण, हिवाळी वटवटे आणि त्यांच्या मागे एखादा कोतवाल. हे सगळे एकत्र चरत पुढे सरकतात. अशा वेळी पहिल्याच पक्ष्यावर अडकू नका. आधी थवा कुठल्या दिशेने चालला आहे ते बघा, वाटेने त्याच्या पुढे वीस-तीस पावलं जाऊन थांबा आणि त्याला तुमच्याकडे येऊ द्या. मागे लागलात तर शेपट्याच दिसतील. काकांच्या ३५ नावांतली दहा-बारा अशाच एका थव्यातली असणार, आणि निदान दहा तरी नुसती ऐकलेली.

सातभाई दिसतात म्हणून कंटाळू नका. सातभाई, बुलबुल आणि खारी मिळून एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत असतील तर तिथे शिकारी शिक्रा, पिंगळा, साप किंवा मुंगूस यांपैकी कोणीतरी आहे. तो कालवा सोडून पुढे जाऊ नका.

प्रश्न: दुर्बीण घ्यायची आहे. दुकानदार २०×५० घ्या म्हणतो, ‘जितकं मोठं तितकं जवळ दिसेल’. मला चष्मा आहे. (निवृत्त शिक्षक, मनीषनगर)

२०×५० घेऊ नका. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीस पटीत हाताचा कंपही वीस पट होतो, आणि दिसणारा तुकडा इतका लहान असतो की फांदीवरचा पक्षी त्यात सापडेपर्यंत उडून जातो. रानवाटेसाठी ८×४२ घ्या. बेचाळिसाला आठाने भागलं की ५.२५ येतं. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो, म्हणून पहाटेच्या आणि दाट सावलीतल्या अंधूक उजेडातही रंग कळतात. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीत हाच आकडा २.५ आहे. दुपारी ती चालते, झाडीत सकाळी मात्र सगळं मातकट दिसतं.

चष्मेवाल्यांनी ‘आय रिलीफ’ नावाचा आकडा विचारावा, म्हणजे डोळा भिंगापासून किती दूर असला तरी पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर. तो १५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. डोळ्याकडच्या रबरी कड्या चष्मा असताना पूर्ण खाली फिरवायच्या आणि चष्मा नसताना वर घ्यायच्या. दृश्याच्या कडेला काळ्या सावल्या नाचत असतील तर नव्वद टक्के वेळा या कड्याच उलट्या असतात. दुर्बीण खराब नसते. जवळचं किती अंतरावरून स्पष्ट दिसतं तेही दुकानातच बघून घ्या. तीन मीटरवरचं दिसलं पाहिजे, नाहीतर समोरच्याच झुडपातला शिंपी धूसर राहील.

दुर्बीण घेतली की पहिल्याच दिवशी ती डोळ्यांना जुळवून घ्या. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग वर्षभर डोकं दुखतं म्हणतात. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग वीस-पंचवीस मीटरवरची, अक्षरं असलेली पाटी शोधा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला अक्षरं कोरीव दिसू द्या. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीच्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच अक्षरं कोरीव करा. त्या कडीवरची खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही, ही पुढची तक्रार असते. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायचा नाही. घरच्या गच्चीवरून विजेच्या तारेवरच्या होल्यावर दहा-पंधरा वेळा सराव केला की हात बसतो.

एक वस्तू दोन दिसत असेल आणि नळ्या जुळवूनही तसंच राहत असेल तर आतली प्रिझमं सरकली आहेत. दुर्बीण पडल्यावर हे होतं. ती घरी उघडू नका, दुरुस्तीलाच द्या. भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. धुळीचे कण ओरखडे काढतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगाचं कापड. जुलै ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात कपड्यांत किंवा तिच्या कातडी पिशवीत ठेवली तर भिंगाच्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.

प्रश्न: आमच्या भागात शिक्रा फार आहेत असं वाटायचं. एका मित्राने सांगितलं की त्यातले काही शिक्रा नसून पावशा आहेत. दोघांत फरक कसा करायचा? (महाविद्यालयीन विद्यार्थी, प्रतापनगर)

मित्र बरोबर सांगतो आहे. शिक्रा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या कुळातला, पण पावशाची राखाडी पाठ, पोटावरचे पट्टे, शेपटीवरचे आडवे पट्टे, सगळं शिक्र्यासारखं. उडण्याची ढबही तीच: चार-पाच वेळा पंख हलवायचे आणि तरंगायचं. सातभाईसुद्धा फसतात आणि शिक्रा आल्यासारखा गोंधळ घालतात. हे सोंग पावशाच्या कामाचं आहे, कारण त्याची मादी सातभाईंच्याच घरट्यात अंडं घालते.

चोच बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वळलेली, पावशाची सरळसर आणि जरा लांबट. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. फांदीवर शिक्रा ताठ उभा बसतो. पावशा आडवा होतो, पंख थोडे खाली सोडतो आणि बसता बसता शेपटी वर उचलतो. शिक्र्याचे पाय लांब, उघडे आणि नखं ठसठशीत असतात.

आवाजाने तर प्रश्नच मिटतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी चढत जाणारी हाक पावशाची. मार्चपासून ती सुरू होते आणि पावसाळ्यात रात्रीसुद्धा चालते. हिवाळ्यात पावशा जवळजवळ मुका असतो, म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत त्याची शिक्रा म्हणून सर्वांत जास्त नोंद होते. एक सावधगिरी हवी: शिक्र्याची ‘टी-टुई’ ऐकून लगेच शिक्रा लिहू नका. कोतवाल ही हाक हुबेहूब काढतो. पक्षी दिसल्याशिवाय नाव लिहायचं नाही. मोबाइलवर आवाज ओळखणारं अॅप वापरत असाल तर त्यालाही हाच नियम लावा, ते कोतवालाला फसू शकतं.

जाता जाता तांबट आणि कुटुर्गा. ‘टुक… टुक… टुक…’ असा घणाचा एकसुरी ठोका तांबटाचा. तो डोकं डावीकडे-उजवीकडे वळवत ओरडतो, त्यामुळे आवाज जागा बदलतोय असं वाटतं. आवाजामागे फिरू नका, उंच वाळक्या शेंड्यावर चिमणीएवढा हिरवा गोळा शोधा. ‘कुटर्र, कुटर्र’ मोठ्याने घुमतं तो कुटुर्गा. तो साळुंकीपेक्षा मोठा असतो.

प्रश्न: लहान, मातकट, सारखे हलणारे पक्षी ओळखताच येत नाहीत. पुस्तकात सगळे सारखे दिसतात. (वाचक, वर्धा रोड)

पुस्तक आधी उघडता, म्हणून. पक्षी समोर आहे तोवर पुस्तकाला हात लावू नका, वही उघडा. या क्रमाने लिहा: चिमणीपेक्षा लहान की मोठा, चोच जाड की सुईसारखी, डोळ्यावर फिकट भुवई आहे की नाही, पंखावर पट्टी आहे का, शेपटी लांब की आखूड आणि ती कशी हलते, जमिनीवर होता की झुडपात की शेंड्यावर. रंग सर्वांत शेवटी. शेपटीने आणि जागेनेच बरीच नावं गळतात. गवतात उभी लांब शेपटी हलवणारा तो राखी वटवट्या. अंगण-कुंपणाच्या झुडपात शेपटी ताठ उभी आणि ‘टुविट टुविट’ तो शिंपी. झाडाच्या मधल्या फांदीवरून किड्यावर झेप घेऊन परत येतो आणि शेपटी झटकन वर करतो, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं, तो हिवाळी माशीमार.

हिवाळी वटवट्यांची नावं पहिल्या वर्षी सोडून द्या. ‘वटवट्या, जात नक्की नाही’ अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

प्रश्न: नवरंग पक्षी बघायचा आहे. एकाने सांगितलं, मे-जूनमध्ये जा आणि मोबाइलवर त्याची हाक वाजव, लगेच समोर येतो. (छायाचित्रणाची आवड असलेला वाचक, हिंगणा रोड)

महिना बरोबर सांगितला आहे, उपाय मात्र साफ चूक. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि वळवाच्या सरी पडू लागल्या की मध्य भारतात विणीला येतो. म्हणजे तो आपल्याकडे आल्याआल्या जागा धरतो, जोडी जमवतो, घरटं बांधतो. रेकॉर्डिंग ऐकून तो समोर येतो, कारण त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. मग चरणं सोडून, घरट्याकडचं लक्ष सोडून तो उघड्यावर येऊन ओरडत राहतो. दिवसभरात पाच जणांनी हेच केलं तर त्याची सकाळ संपली. शिक्रा आणि टकाचोर याच झाडीत असतात, हेही विसरू नका. हाक वाजवायची नाही, शीळ घालून नक्कलही करायची नाही.

तो दिसतो असा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी मावळतीला दोन सुरांची खणखणीत शीळ येते, पहिला सूर चढता, दुसरा उतरता. हाक देताना तो बऱ्याचदा झाडाच्या फांदीवर असतो, जमिनीवर नाही. चरताना मात्र ओढ्याकाठच्या दाट सावलीत जमिनीवर उड्या मारतो आणि चोचीने कुजकी पानं उलटतो. म्हणून उघडा मळा सोडून नाल्याच्या कडेची, पालापाचोळा साचलेली जागा निवडा आणि वाटेवरच खाली बसा. बसलेल्या माणसाला तो पाच-दहा मिनिटांत विसरतो. पानं उलटल्याचा खसखस आवाज आला की दुर्बीण तिकडे. त्याच पाचोळ्यात कस्तुरही अशीच पानं उलटतो, त्यामुळे घाईने नाव लिहू नका.

फोटोसाठी फांदी बाजूला करणं, पाचोळा साफ करणं, अळ्या टाकून बोलावणं, फ्लॅश मारणं, यांतलं काहीही नको. चोचीत गवत किंवा अळी घेऊन पक्षी तुमच्याकडे बघत थांबला असेल तर तुम्ही घरट्याच्या जवळ आहात. तसेच उठा आणि मागे फिरा. घरट्याची आणि घुबडाच्या ढोलीची जागा समाजमाध्यमावर टाकू नका. एका फोटोखालच्या ठिकाणामुळे दुसऱ्या रविवारी तिथे गर्दी होते.

मेच्या अखेरीस एखादा नवरंग दमून घराच्या गॅलरीत किंवा काचेवर आपटून पडलेला सापडू शकतो. त्याचं काय करायचं ते मांज्याच्या प्रश्नाखाली वाचा, उपचार तोच.

प्रश्न: ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकायला सुरुवात केली. पण माझी यादी तपासणाऱ्यांनी दोनदा प्रश्न विचारले. काय चुकत असेल? (वाचक, बजाजनगर)

तपासणारे प्रश्न विचारतात ते सहसा दोन कारणांनी. पक्षी त्या जागी किंवा त्या महिन्यात अनपेक्षित असतो, किंवा संख्या फार मोठी असते. दोन्ही वेळा टिपणीच्या जागेत काय दिसलं ते दोन ओळींत लिहिलं आणि साधा का होईना फोटो जोडला की प्रश्न सुटतो. ‘मला खात्री आहे’ हे वर्णन नव्हे.

नवशिके जास्त करतात ती चूक वेगळीच आहे. अंबाझरीला तासभर फिरून, गाडीने गोरेवाड्याला जाऊन, दोन्हीची एकच यादी टाकतात. प्रत्येक जागेची वेगळी यादी करा. वाटेला लागताना सुरू करा, फाटकाबाहेर पडताना बंद करा, अंतर आणि वेळ अॅपला मोजू द्या. ‘दिसलेले सगळे पक्षी नोंदले का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं असेल तर कावळा, कबुतर, साळुंकीसुद्धा यादीत हवीत. फक्त विशेष पक्ष्यांची यादी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी असते, कारण साळुंकी नव्हती की लिहिली नाही हेच कळत नाही. आज एखादा नेहमीचा पक्षी कमी झाला का, हे वीस वर्षांनी अशाच कंटाळवाण्या पूर्ण याद्यांवरून समजतं.

थवा मोजताना दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे मोजा. ‘खूप’ लिहिण्यापेक्षा ‘१२०’ बरा, थोडा चुकला तरी.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना चार दिवस असते. एका जागी किमान १५ मिनिटं पक्षी मोजायचे, गच्चीवरूनही चालतं. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अली यांचा.

प्रश्न: बिबट्या, साप वगैरेंमुळे घरचे रानवाटेवर एकटीला जाऊ देत नाहीत. खरंच धोका आहे का? (वाचक, गिट्टीखदान)

गोरेवाडा आणि अंबाझरीच्या रानात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा घरच्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. उजाडल्याशिवाय आत जाऊ नका, निदान दोघी जा, ठरवून दिलेली वाट सोडू नका. प्रवेशाच्या वेळा आणि बंद असण्याचा वार बदलतो, फाटकावर विचारून घ्या. सापासाठी घोट्याच्या वर जाणारे बूट पुरेत. पाचोळ्यात पाऊल टाकताना बघून टाका आणि दगडावर बसण्याआधी त्यामागे काठी फिरवा.

रोजचा त्रास मात्र वेगळ्या गोष्टींचा असतो. सध्या खाजकुहिलीच्या शेंगा वाळल्या आहेत. त्यांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही उडते आणि अंगाला लागली की आग होते. खाजवू किंवा चोळू नका, लव आत जाते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाण्याने धुवा, आणि ते कपडे इतर कपड्यांबरोबर भिजवू नका. गवताची कुसळं मोज्यांत शिरतात, त्यासाठी पँट बुटात न खोचता बुटावरून खाली सोडा. आग्या मोहोळ दिसलं तर त्यापासून दूर व्हा, अत्तर किंवा परफ्यूम लावून येऊच नका. माशा उठल्या तर हात झाडत उभं न राहता तोंड झाकून सरळ दूर पळा.

कपडे खाकी, मातकट किंवा गर्द हिरवे. पांढरा शर्ट झाडीत फार लांबून दिसतो.

प्रश्न: संक्रांतीनंतर वाटेवरच्या झाडावर मांज्यात अडकलेला एक पक्षी लोंबकळताना दिसला. आम्ही ओढून काढायचा प्रयत्न केला आणि त्याचा पंख अजून फाटला. काय करायला हवं होतं? (तीन मैत्रिणी, गोकुळपेठ)

मांजा ओढायचा नसतो, कापायचा असतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर वर्षभर राहतो, कारण तो कुजत नाही. आत्ता फेब्रुवारीत दिसणारे बळी संक्रांतीच्याच धाग्यांचे असतात.

पक्षी हातापर्यंत असेल तर आधी त्याच्यावर मऊ सुती कापड टाका. डोळे झाकले की फडफड थांबते. पंख अंगालगत मिटलेल्या स्थितीत धरा, छातीवर दाब देऊ नका, कारण छाती हलली नाही तर पक्षी गुदमरतो. घार किंवा शिक्रा असेल तर पाय आधी धरा, नखं चोचीपेक्षा जास्त लागतात. मांजा जखमेच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच सोडून कात्रीने कापा. मांसात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. रक्त येत असेल तर स्वच्छ कापूस पाच मिनिटं हलकेच दाबून धरा. हळद लावू नका.

मग पुठ्ठ्याचं खोकं घ्या, चारी बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाडा, तळाला कापड घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा. अंधार, शांतता आणि ऊब एवढंच त्याला हवं असतं. चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, पोळी, भात काहीही देऊ नका. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. पक्षी उंच असेल तर झाडावर चढू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे जखमी वन्यजीवांवर उपचार होतात. बरा झाला तरी पक्षी घरी ठेवून घ्यायचा नाही. पोपटसुद्धा नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

पंख पूर्ण फुटलेलं, धडधाकट पण नीट उडता न येणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते जखमी नसतं. आई-बाप जवळच असतात. वाटेवरून उचलून शेजारच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही.

प्रश्न: उन्हाळ्यात गच्चीवर पाणी ठेवतो, पण पक्षी येत नाहीत. (वाचक, महाल)

भांडं खोल असेल किंवा गुळगुळीत असेल. मातीचं पसरट भांडं घ्या, पाणी मध्यभागी पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि त्यात एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे छोट्या पक्ष्यांना पाय टेकता येतो. भांडं सावलीत, पण मांजर दबा धरेल अशा कुंडीपासून सहा-सात फुटांवर. पहिल्या पंधरा दिवसांत कोणी आलं नाही तरी जागा बदलू नका. पाणी रोज बदला. नुसतं वरून ओतत राहिलात तर आठवड्याभरात डास होतात आणि शेवाळ धरतं. भांडं काथ्याने घासा, साबण नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी त्यात घालू नका. त्यात क्षार साचलेले असतात आणि बरेच जण सुगंधी द्रव्यही घालतात. भांडं मार्चच्या पहिल्या आठवड्यातच मांडा. मेमध्ये ४५ अंशांत ठेवलेलं भांडं शोधत फिरायला पक्ष्यात त्राण नसतं, आधीपासून माहीत असलेल्या पाण्यावरच तो येतो.